लोणारला तिसरा नंबर नको

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराच्या कड्यावर पाय ठेवला की थोड्याच वेळात कुणीतरी दोरीला बांधलेला लोहचुंबक काढतो. पायवाटेवरच्या धुळीतून तो ओढत नेतो, चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटते आणि ऐकू येतं, ‘बघा साहेब, आभाळातलं लोखंड!’ मंडळी लगेच मोबाइल सरसावतात. खेळ झकास आहे. पण तोच चुंबक साताऱ्याच्या नाहीतर नाशिकच्या एखाद्या ओढ्यातल्या वाळूतून फिरवा, तशीच दाढी येईल. ते कण मॅग्नेटाइटचे असतात आणि मॅग्नेटाइट आपल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, जन्मजातच असतं. लोणारला आदळलेली अशनी कुठल्या पेटाऱ्यात जपून ठेवलेली नाही. आदळण्याच्या क्षणीच तिचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन उडाला.

चुंबकवाल्यावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. राग आहे तो शिकल्यासवरल्या लेखांवर, माहितीपटांवर आणि फॉरवर्डांवर. ‘जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर’ हे त्यातलं सर्वांत लाडकं वाक्य. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पृथ्वीवर आघाताची म्हणून खात्री पटलेली विवरं जवळपास दोनशे आहेत. त्यांपैकी मेक्सिकोतलं चिक्शुलूब सुमारे १८० किलोमीटरचं. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट त्याहूनही मोठं होतं, आज त्याचे फक्त अवशेष उरलेत. जग राहू द्या, देशातही लोणार पहिलं नाही. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला हे विवर सुमारे ११ किलोमीटरचं आहे. मग हा तिसरा नंबर आला कुठून? कुणीतरी कधीतरी लिहिला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला, एवढाच त्याचा इतिहास दिसतो.

दुसरा दावा जरा सोज्वळ आहे: ‘बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव विवर’. तोही टिकत नाही. ब्राझीलमध्ये व्हार्जियाओ आणि व्हिस्टा अलेग्री ही दोन विवरं बेसॉल्टच्याच मुलखात आहेत आणि लोणारहून कितीतरी मोठी आहेत. फक्त ती झिजून, खचून गेलेली. वाटीचा आकार, उचललेला काठ आणि बाहेर उडालेला मालमसाला एवढ्या चांगल्या अवस्थेत शिल्लक आहे तो लोणारला. ‘एकमेव’ या शब्दापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं.

ज्वालामुखीचा पक्ष मात्र असा उडवून लावता येत नाही. तो अडाण्यांचा पक्ष कधीच नव्हता. सगळं दख्खन लाव्ह्याच्या थरांचं, त्यात एक गोल खड्डा, मग तो ज्वालामुखीचाच असणार, हे अनुमान एकोणिसाव्या शतकातल्या कुणाही भूशास्त्रज्ञाला पटण्याजोगं होतं. अमेरिकेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टसारख्या दिग्गजाने ॲरिझोनातल्या अशाच विवराचं श्रेय भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाला दिलं होतं, आणि तो चुकला. लोणारचा वाद निकालात निघाला तो खाली उतरून. तळ्याच्या तळाशी छिद्रं पाडली तेव्हा गाळाखाली भरडलेला, आघात सोसलेला कातळ हाती आला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ साली ‘सायन्स’मध्ये हे मांडलं, आणि तेव्हापासून ज्वालामुखीच्या बाजूने बोलायला फारसं काही उरलं नाही.

त्यातच वयाचा मुद्दा. आघातात बनलेल्या काचेच्या एका तपासणीत विवराचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास निघालं होतं. २०११ साली आर्गॉनच्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त अंतर, म्हणून हसणारे हसतात. पण दख्खनचा लाव्हा थंडावून साडेसहा कोटी वर्षं झाली. यांतला कुठलाही आकडा धरा, भट्टी विझल्यावर कोट्यवधी वर्षांनी हा खड्डा पडला. पाटीवर एकच आकडा रंगवून मोकळं होण्यापेक्षा दोन्ही लिहावेत आणि वाद का आहे तेही सांगावं. वाचणारे तेवढे शहाणे असतात.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर रहस्यवाल्यांची दिवाळीच झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खारात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचं गुलाबी रंगद्रव्य पाण्यात दिसत होतं. प्रयोगशाळेत ते जीव तळाशी बसल्यावर वरचं पाणी नितळ झालं. अंतराळाचा त्यात काही हात नव्हता.

मग लोणारचं मोठेपण कशात? त्याच्या साधेपणात. चंद्राचे जे काळे डाग आपण अंगणातून बघतो ती बेसॉल्टची मैदानं आहेत. मंगळाचं कवचही बरंचसं त्याच जातीचं आहे. तिथे अशा वाटीसारख्या विवरांचा नुसता खच पडलेला आहे. म्हणजे तिकडे जे गल्लोगल्ली आहे, त्याचा चांगला टिकलेला नमुना आपल्याकडे एसटीने जाता येईल अशा ठिकाणी आहे. हातोडी आणि भिंग घेऊन बसता येतं, आणि परतीच्या इंधनाचा प्रश्न नाही!

एक दाखला देतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारात गयेजवळच्या शेरघाटीला आकाशातून एक दगड पडला. त्यात काचेसारखा एक पदार्थ सापडला आणि १८७२ साली त्याला मॅस्केलिनाइट हे नाव मिळालं. दगडातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजाला प्रचंड धक्का बसला की स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो, पण आतली रचना मोडून काच होते. न वितळता. पुढे १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावरची हवा मोजली, आणि शेरघाटीच्याच गोतावळ्यातल्या, अंटार्क्टिकात मिळालेल्या एका दगडात तशीच हवा कोंडलेली आढळली. शेरघाटीचा दगड मंगळाचा, हे असं उलगडत गेलं. तोच मॅस्केलिनाइट लोणारच्या भरडलेल्या कातळात आहे. एकाला धक्का बसला मंगळावर, दुसऱ्याला बुलढाणा जिल्ह्यात. कातळ काळाच, आणि जखमही सारखी. मंगळाच्या दगडाने किती मार खाल्ला हे ताडायचं तर असा इथला दगड ताडून पाहायला लागतो.

आणि हा दगड नुसता वाटीत नाही. काठावर लाव्ह्याचे आडवे थर वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, काही ठिकाणी पान उलटावं तसे उलटलेले. त्याबाहेर किलोमीटरभराहून जास्त अंतरापर्यंत उडालेल्या दगडगोट्यांचा सडा आहे. त्यावर आज शेतं आहेत, रस्ते आहेत, गावाची घरं आहेत. आपण मात्र जपतो ते पाणी, पक्षी आणि देवळं. तीही जपलीच पाहिजेत, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं ते चांगलंच झालं. पण ग्रहविज्ञानाला हवा असलेला ऐवज बराचसा काठाबाहेर आहे, आणि तिथे पाया खणताना किंवा रस्ता रुंद करताना कुणी भूशास्त्रज्ञाला बोलावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुढच्या खेपेला लोणारला जाल तेव्हा तळ्याकडे तोंड करून फोटो काढून झाला की एकदा पाठ फिरवा. काठाबाहेर रस्त्याच्या कडेला मातीत रुतलेले वेडेवाकडे दगड दिसतील. त्यांतला एकही खिशात घालून घरी आणू नका.