तारूची गोष्ट कोण करणार?

शाळांना सुट्ट्या लागल्या की कुठली ना कुठली वाहिनी ‘द जंगल बुक’ दाखवतेच. या रविवारी दुपारी पुन्हा दाखवला. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू आहे. पहाटे रानात गेलेल्या बाया दुपारी अंगणात सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधत बसतात, आणि आत त्यांची पोरं टीव्हीवर शेरखानला आगीत कोसळताना पाहतात. हे मला खुपते. का खुपते ते आज नीट मांडायचे आहे.

चित्रपट वाईट आहे असे मी म्हणत नाही. जॉन फॅव्ह्रोचा २०१६चा हा चित्रपट कारागिरी म्हणून थक्क करणारा आहे. खर्च साडेसतरा कोटी डॉलर. मोगली झालेला नील सेठी तेवढा हाडामांसाचा. रान, पाऊस, जनावरे सगळी संगणकावर घडवलेली. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभ्या केलेल्या या जंगलाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होते. आपल्याकडे तर तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिललाच लागला होता. हिंदीत शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. त्याच नानांनी त्याआधी दोनच वर्षे पडद्यावर हेमलकशाचे डॉ. प्रकाश आमटे साकारले होते, आई मारली गेलेल्या पिल्लांना घरी आणून वाढवणारा माणूस. एकाच अभिनेत्याने रानाकडे पाहण्याच्या दोन टोकांना आवाज दिला. लक्षात मात्र शेरखानच राहिला.

माझे भांडण मूळ गोष्टीशी आहे. रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, पण मोगलीच्या कथा त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिल्या. ज्या सिवनीच्या जंगलात त्या घडतात तिथे तो कधी गेला नव्हता. स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकावरून त्याने ते रान उभे केले. त्या रानातली नदी मात्र आपली वैनगंगा. सिवनीत उगम पावून ती भंडाऱ्यावरून येते, ब्रह्मपुरी आणि वडशाच्या मधून वाहते, मार्कंड्याच्या देवळाला लागते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. म्हणजे मोगलीचे पाणी पिऊन आपण मोठे झालो. पण त्याच्या जंगलात आपण कुठे आहोत? तिथे एकीकडे रान, दुसरीकडे गाव, मध्ये शेते. मोगलीने यातले एक निवडायचे आणि वाघाला मारायचे. पुस्तकात शेरखान म्हशींच्या कळपाखाली तुडवला जातो, चित्रपटात आगीत पडतो. तो मेल्याशिवाय गोष्ट संपत नाही.

आता याच नदीच्या खोऱ्यातली दुसरी गोष्ट घ्या. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी त्याची झुंज झाली आणि तारू मेला. वाघ नाही, माणूस मेला. लोकांनी तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे केले, पौषात त्याची जत्रा भरू लागली. त्याचेच नाव तळ्याला मिळाले आणि १९५५मध्ये तिथे झालेल्या राष्ट्रीय उद्यानालाही. ताडोबाच्या फाटकावर रांगा लावून जिप्सीत बसणाऱ्या पर्यटकांपैकी किती जणांना ठाऊक असते, की वाघ पाहायला आपण ज्याच्या नावाच्या जंगलात चाललो आहोत, तो वाघाने मारलेला माणूस आहे?

या गोष्टीत सूड नाही. तारू मेल्यावर गावाने वाघाचा वंश संपवल्याचे कोणी सांगत नाही. वाघ रानात राहिला, तारू देव झाला, गाव दोघांना धरून राहिले. इतकी प्रौढ गोष्ट जंगलात राहणारी माणसेच सांगू शकतात, कारण सकाळी उठून त्यांना त्याच रानात जायचे असते. वाकून मोहफुले वेचणारी बाई वाघाला चार पायांच्या सावजासारखी दिसते. तेंदूच्या झुडपांपाशीही तीच गत. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी गाव चिडते, रस्ता अडवते, हा वाघ इथून न्या म्हणते. चिडणारच. पण जंगलच नको असे कोणी म्हणत नाही. जंगल गेले तर चूल विझते.

मोगलीचा शेवटही बहुतेकांना माहीत नाही. किपलिंगने त्याच्यावर लिहिलेल्या पहिल्याच कथेत, १८९३ साली, तो तरुण झालेला आहे आणि वनखात्यात नोकरीला लागतो. रानाच्या राजाला शेवटी सरकारी पगार! किपलिंगला यात सुखान्त दिसला. आपल्याकडे ही नोकरी कशी असते ते २०२१च्या नोव्हेंबरात ताडोबात दिसले. व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले. खात्यातली बाई, वाघ टिकावेत म्हणूनच रानात चाललेली. मला ती तारूच्या वंशातली वाटते. तिच्यावर साडेसतरा कोटी डॉलर कोण लावणार?

कोणी लावू नयेत. आता माझा नेहमीचा हट्ट. हे काम इथल्या झाडीपट्टी रंगभूमीने करावे. दिवाळीपासून होळीपर्यंत या जिल्ह्यांत गावोगाव रात्रभर नाटके चालतात, वडशात मंडळांची कार्यालये आहेत, आणि २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून या रंगभूमीचे नाव दिल्लीलाही ठाऊक आहे. सासू-सून, जमीनदार, दारू, फसलेली लग्ने हे विषय मंडळांनी पिढ्यानपिढ्या ताकदीने केले. वाघाचा विषय तर प्रेक्षकांच्या घरातला आहे. तंबूत बसलेल्या हजारभर माणसांत एखाद्या घरी तरी वाघाने नेलेल्या माणसाचा फोटो असतो. हॉलिवूडच्या कुठल्याही चित्रपटाला असा प्रेक्षक मिळणार नाही.

वाघ रंगमंचावर आणायचा कसा, हा प्रश्न मंडळे विचारतील. आणूच नये. ढोलकी थांबवावी, दिवे मंद करावेत, तारूने अंधाराकडे पाहत दोन पावले पुढे टाकावीत. पुढचे पाहणाऱ्याला माहीत आहे. कष्ट घ्यावे लागतील ते दुसऱ्या अंकासाठी, तारू गेल्यानंतरच्या सकाळच्या प्रवेशासाठी. त्याची बायको, मुले, गाव. आणि रानात जायचे की नाही यावर झडणारे भांडण. त्या भांडणात सगळ्यांची बाजू खरी असली पाहिजे. वाघाला मारू म्हणणाऱ्या तरुणाचीही. त्याला खलनायक केले तर नाटक फसेल.

नाटकांच्या हंगामाला अजून पाच-सहा महिने आहेत. वडशाच्या लेखकांनी पावसाळ्यात हे लिहायला घ्यावे. पहिला प्रयोग सिंदेवाहीत लावावा, आणि त्या रात्री वनखात्याच्या साहेबांनी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या सोडून गावकऱ्यांमध्ये खाली बसावे.