मायना आणि मजकूर

तंजावरच्या मेल वीथीमागील आमच्या बोळात एक वृद्ध विधवा राहतात. नात्याने त्या कोणाच्याच नव्हेत, पण साऱ्या बोळाच्या अक्का आहेत. निराधार वृद्धांना तमिळनाडू सरकारकडून दरमहा जे १,२०० रुपये मिळतात आणि ज्यांना येथील लहानथोर 'ओएपी' या नावानेच ओळखतात, ते वेतन त्यांना कित्येक वर्षे मिळत होते आणि मध्यंतरी ते एकाएकी बंद पडले. का बंद पडले, हे कोणी सांगेना. म्हणून त्यांनी शेजारच्या मुलीकडून एक 'मनु' लिहवून घेतला (तमिळमध्ये अर्जाला मनु म्हणतात) आणि ज्यांना आपण मत दिले त्या लोकप्रतिनिधींकडे तो धाडला. दोन महिन्यांनी उत्तर आले. जाड शुभ्र कागद, शिरोभागी मुद्रा, तळाशी सही. अक्कांची दृष्टी आता अधू झाली आहे, म्हणून ते वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. आपले पत्र मिळाले. आपल्या अडचणीची आम्हांला जाणीव आहे. आपले पत्र उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. आपल्या सेवेत आम्ही सदैव तत्पर आहोत, अशी चार वाक्ये मी वाचली आणि थांबलो. अक्का म्हणाल्या, "आणि ओएपीचं काय लिहिलंय रे?"

त्या कागदावर ओएपीचे काहीच लिहिलेले नव्हते. वेतन हा शब्द नव्हता, ते कोणत्या महिन्यापासून थांबले याचा उल्लेख नव्हता, आणि कोणत्या विभागाकडे पत्र गेले त्या विभागाचे नावही नव्हते. अक्कांचे स्वतःचे नाव तेवढे होते, तेही छापील मजकुरात सोडलेल्या रिकाम्या जागेत निराळ्या शाईने भरलेले. हेच पत्र जसेच्या तसे, ज्याच्या कुरुवै भातपिकाला कालव्याचे पाणी पोचले नाही अशा एखाद्या कडैमडैच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला धाडता आले असते, किंवा ज्याच्या मुलाचे जातीचे प्रमाणपत्र अडून राहिले आहे अशा एखाद्या बापाला धाडता आले असते, आणि बहुधा त्या आठवड्यात ते अशा अनेकांना गेलेही असेल. अक्कांनी तो कागद घडी करून तुळजाभवानीच्या तसबिरीमागे ठेवला. त्यांचा त्या कागदावर विश्वास आहे, आणि मला जे शल्य वाटते ते याच विश्वासामुळे वाटते.

यावर कोणी असे म्हणेल की ठरीव शब्दांची पत्रे ही आजची उपज नव्हे, आणि राजदरबारचा कारभार नेहमी ठरीव शब्दांतच चालत आला आहे. हे म्हणणे खरे आहे, आणि ज्या गावात मी राहतो तेथे ते नाकारता येणे शक्यही नाही. येथील सरस्वती महालात आणि तमिळ विद्यापीठात तंजावरच्या भोसल्यांच्या कारकिर्दीचे मोडी कागद आहेत, आणि या दफ्तरांचे रुमाल सोडून बसणाऱ्याला पहिल्या दिवशी भेटतो तो मायनाच. कोणाला 'राजमान्य राजश्री' लिहावे, कोणाला 'श्रियाविराजित' म्हणावे, 'आशीर्वाद' कोठे आणि 'दंडवत' कोठे, हे सर्व इतके काटेकोर ठरलेले होते की यादवांच्या काळापासून त्यासाठी मेस्तके रचली गेली, म्हणजे पत्रलेखनाचे नमुने देणारे ग्रंथच. शेवटही ठरलेला असे. 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सुद' उमटले की त्यापुढे कोणाला अक्षर वाढविता येत नसे. म्हणजे पत्राची दोन्ही टोके साच्यातून काढलेली होती. परंतु 'विशेष' किंवा 'उपरी' या शब्दानंतर जो मजकूर सुरू होई, तो त्या एका माणसाचा आणि त्या एका प्रसंगाचा असे.

या मजकुराच्या आरंभाची एक रीत होती, आणि आजच्या माझ्या सांगण्याचा सारा भर तिच्यावरच आहे. 'तुम्ही पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर कळला', एवढ्यावर दफ्तरातील लेखणी थांबत नसे; 'तुम्ही लिहिले की' असे म्हणून ती अर्जदाराचे म्हणणे आपल्या शब्दांत पुन्हा मांडी, आणि त्यानंतरच आज्ञा सांगे. इनामाची सनद घ्या, वाटणीचा महजर घ्या: 'तुम्ही हुजूर येऊन विदित केले की' यापुढे त्या माणसाचा गाव, त्याची जमीन, त्याच्या बापाने केलेली चाकरी, भाऊबंदांनी घातलेला अडथळा, असे सगळे क्रमाने येते. पुष्कळ कलमांची याद असली तर प्रत्येक कलमाशेजारी त्याची मखलाशी होई, म्हणजे त्या कलमापुरता निर्णय तेथेच नोंदला जाई. काही कलमे मंजूर होत, काही नामंजूर, पण नामंजूर झालेले कलमही कागदावर दिसत राही. आज आपण मखलाशी हा शब्द सारवासारव या अर्थाने वापरतो. शब्दाचा हा प्रवास मला कारभाराच्या प्रवासासारखाच वाटतो आणि त्याचे वाईट वाटते.

अर्जाची ही पुनरुक्ती म्हणजे केवळ लेखनाचा अलंकार नव्हता. ज्याने अर्जदाराचे म्हणणे स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले, त्याने ते वाचलेले आहे याचा तो पुरावा असे. आणि काही चुकीचे समजले गेले असेल तर ते अर्जदाराला त्याच कागदावर दिसून येई. चिटणीस हे पद याच कामाचे. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी इतिहास दुसऱ्या सरफोजी महाराजांचे चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केला, ही गोष्ट महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू कौतुकाने ऐकतात. पण ज्या माणसाला राजवंशाचा इतिहास सांगता येत होता त्याचे पद मुळात पत्रे लिहिणाऱ्याचे होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मी त्या काळाला सुवर्णयुग म्हणत नाही. त्या दरबारापर्यंत अक्कांसारखी बाई पोचली असती की नाही, याची मला शंकाच आहे. पण तंजावरने लवकरच दुसरी बाजूही पाहिली, कारण येथील राजे स्वतःच अर्जदार झाले. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला, आणि १८०१ मध्ये छत्रांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी म्हणून त्यांना रेसिडेंटला पत्र लिहावे लागले. रामेश्वरच्या वाटेवरील या अन्नछत्रांत वाटसरूंना काय वाढले जाते, आजाऱ्याची शुश्रूषा कशी होते, वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीची काळजी कशी घेतली जाते, हे सर्व त्या पत्रात एका राजाने एका परकीय अधिकाऱ्याला समजावून सांगितले आहे. मागणे मागावे तर असे मागावे, असे ते पत्र आहे.

पुढे १८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज पुत्राविना निवर्तले, आणि कंपनीने राजपदाबरोबर त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. तो १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फिरविला. ही जप्ती सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य की अन्याय्य हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे त्या निकालाचे सार होते, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवितात. निकाल कठोर होता. तरीसुद्धा त्यात राणींचे म्हणणे, तहांचा इतिहास, मालमत्तेची जप्ती कशी झाली त्याची हकीकत, हे सारे पानेच्या पाने मांडलेले आहे. आपण का हरलो हे राणींना कळले, त्या निकालावर टीका करणाऱ्यांनाही नेमके कशावर टीका करायची ते कळले, आणि पुढे १८६२ मध्ये सरकारने ती खाजगी मिळकत राण्यांकडे परत सोपविली. परक्या सत्तेने नकार दिला, पण कारणासह दिला. आपल्याच मतांनी निवडून गेलेल्यांकडून अक्कांना होकारही मिळाला नाही आणि नकारही मिळाला नाही.

लोकप्रतिनिधींच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. घटना अमलात आली तेव्हा लोकसभेच्या एका सदस्यामागे साडेसात लाखांहून अधिक लोकसंख्या नसावी, असे ८१ व्या अनुच्छेदात लिहिलेले होते. ती कमाल मर्यादा १९५२ मधील दुसऱ्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, आणि १९७६ पासून राज्यांच्या वाट्याच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविलेल्या आहेत. २०२४ च्या निवडणुकीत तंजावरच्या एका खासदारामागे नुसते मतदारच १५ लाखांच्या आसपास होते. अमेरिकेतही प्रतिनिधींची कचेरी विषयवार तयार परिच्छेद ठेवते आणि पत्र पाहून त्यांतला योग्य तो जोडते. निदान विषय तरी निवडावा लागतो. म्हणजे कोणीतरी पत्र उघडून पाहावे लागते.

शिवाय तक्रार घेण्याच्या यंत्रणेची आपल्याकडे उणीव नाही. शेजारच्या तिरुवारूरचा मनुनीती चोळ राजा, ज्याच्या दारातील घंटा एका गाईने वाजविली आणि वासराच्या मृत्यूची दाद मिळविली, त्याच्या नावाने तमिळनाडूत मनुनीती दिन भरतो. दर सोमवारी कलेक्टर कचेरीत गाऱ्हाणी ऐकली जातात. २०२५ मध्ये तर मुख्यमंत्र्यांच्या नावाने गावोगाव शिबिरे झाली. महाराष्ट्रात लोकशाही दिन आहे, 'आपले सरकार' आहे. केंद्राने तक्रार निवारणाची मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली आहे. अर्ज घेतला जातो, क्रमांक मिळतो, भ्रमणध्वनीवर संदेश येतो, आणि काही दिवसांनी अर्ज निकाली निघाल्याचा दुसरा संदेश येतो. मुदत घालून दिली की निकाली काढण्याची घाई होते, आणि पत्र दुसऱ्या टेबलाकडे पाठविले म्हणजे निकाल लागला, असा अर्थ दफ्तरात रूढ होतो. गाईच्या घंटेच्या कथेत राजा बाहेर आला आणि काय झाले हे त्याने विचारले, हा भाग आपण विसरलो.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा एका साध्या माहिती अधिकाऱ्यावर असे बंधन घालतो की माहिती नाकारताना कारण लिहावे आणि अपील कोणाकडे करावे तेही लिहावे. कारणे सांगणाऱ्या आदेशाला कचेऱ्यांत 'स्पीकिंग ऑर्डर' म्हणतात, आणि कारण न देणारा आदेश न्यायालये वारंवार रद्द करीत आली आहेत. कारकुनाला जे बंधन आहे ते आमदार-खासदाराला कायद्याने नाही. पण मतदाराशी त्यांचे नाते कारकुनापेक्षा जवळचे आहे, म्हणून ते बंधन त्यांनी आपण होऊन पत्करावे, एवढेच माझे मागणे आहे. साचा खुशाल असू द्या. मायना छापून घ्या, समारोप छापून घ्या. मधली चार वाक्ये मात्र रिकामी ठेवा: आपण अमुक लिहिले; ते आम्ही अमुक कचेरीकडे अमुक क्रमांकाने पाठविले; त्या पत्राची प्रत सोबत आहे; आमच्या हातून हे होणार नसेल तर ते अमुक कारणाने होणार नाही. रोज शंभर पत्रे येणाऱ्या कचेरीतही दोन लिहिणारी माणसे हे करू शकतील. आता यंत्रे क्षणात गोड, जिव्हाळ्याचे, नावानिशी पत्र लिहून देऊ लागली आहेत, आणि मला भय वाटते ते हे की आजच्या कोरड्या साच्याजागी उद्या ओलावा असलेला साचा येईल, अर्जदाराचे म्हणणेही त्यात हुबेहूब उतरेल, आणि ते कोणी वाचलेले मात्र नसेल.

गेल्या आठवड्यात अक्कांच्या ओसरीवर बसून मी दुसरा मनु लिहिला. जुन्या यादीसारखी कलमे पाडली: वेतन कोणत्या महिन्यापासून बंद झाले, ते कोणाच्या आदेशाने बंद झाले, त्याचे कारण काय, पुन्हा सुरू करण्यासाठी कोणता कागद द्यावा. चारही कलमे पानाच्या डाव्या अर्ध्यात लिहिली आणि उजवा अर्धा उत्तरासाठी कोरा सोडला. इतका कागद वाया का घालवतोस, असे अक्कांनी विचारले, तेव्हा प्रत्येक प्रश्नाशेजारी त्यांना उत्तर लिहायचे आहे, असे मी सांगितले. त्यांनी प्रत्येक कलम माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले, तिसऱ्या कलमावर बोट ठेवून ते सर्वांत वर घ्यायला लावले, आणि अंगठ्याऐवजी आग्रहाने सही केली. तो कागद स्पीड पोस्टाने गेला आहे. पहिले पत्र अजून तसबिरीमागेच आहे.