रानड्यांच्या घरातील विस्मृत सखूबाई

संक्रांत सरली की रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाचे दिवस असतात. मीरा रोडच्या हाटकेश परिसरातील आमच्या सोसायटीतही दरवर्षी हा समारंभ होतो. कोणी कोकणातून, कोणी देशावरून, कोणी गिरगाव-परळच्या चाळीतून येथे येऊन स्थिरावलेले. वाणाबरोबर दहा मिनिटे एखाद्या थोर स्त्रीचे स्मरण करावे, असा प्रघात आम्ही पाडला आहे. जानेवारी हा रमाबाई रानडे यांच्या जन्माचा महिना. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जयंती १८ जानेवारीला आणि पुण्यतिथी १६ जानेवारीला. तेव्हा एका वर्षी विषय ठरला तो रमाबाईंचाच. २०१२ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे छोट्या रमाची कथा साऱ्यांना तोंडपाठ होती. चर्चा रंगली असता एका शाळकरी मुलीने सहज विचारले, “रमाबाई आल्या, त्याच्या आधी त्या घरात कोण होतं?”

क्षणभर कोणालाच उत्तर सुचले नाही. त्या घरात सखूबाई होत्या. महादेवरावांच्या प्रथम पत्नी.

सखूबाई वाईच्या दांडेकरांच्या कन्या. महादेवरावांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा वर बारा-तेरा वर्षांचा होता आणि वधू, त्या काळच्या रीतीप्रमाणे, त्याहूनही लहान. ऑक्टोबर १८७३ मध्ये सखूबाई निवर्तल्या, तेव्हा महादेवराव ३१ वर्षांचे होते. म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षांचा संसार, आणि आयुष्य मात्र तिशीच्या आतच संपलेले. त्यांच्याविषयी चरित्रग्रंथांतून सामान्य वाचकाच्या पदरात पडते ते एवढेच.

या एकोणीस वर्षांत पतीच्या आयुष्यात काय घडले, ते मात्र वर्षावर्षाने लिहिलेले आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत महादेवराव उत्तीर्ण झाले. १८६४ मध्ये एम.ए., १८६६ मध्ये एल.एल.बी. त्यानंतर अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांत सेवा, एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन, आणि १८७१ पासून पुण्यात न्यायाधीशाचे पद व सार्वजनिक सभेचे कार्य. पुढे राष्ट्रीय सभेच्या उभारणीत ज्या पुरुषाने मार्गदर्शन केले, त्याची घडण याच काळात झाली. ही सारी वर्षे सखूबाईंचीही होती. पती अभ्यासासाठी दूर असताना सासरच्या मोठ्या कुटुंबात त्या कशा वावरल्या असतील? सार्वजनिक कार्याने भारलेल्या पुरुषाच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांचे आतिथ्य कोणी सांभाळले असेल? आपल्या घरातील आजी-पणजी आठवल्या, तर उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर जे घडले, ते अधिक विचार करायला लावणारे आहे. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाह झाला. त्यास पाठिंबा देणाऱ्यांत महादेवराव होते आणि त्यांना बहिष्काराला तोंड द्यावे लागले होते. तेव्हा आता ते स्वतः एखाद्या विधवेचा स्वीकार करतील, अशी सुधारकांना आशा होती आणि वडील गोविंदराव यांना तीच धास्ती होती. शोकात बुडालेल्या पुत्राने परोपरीने विनवले. पण वडिलांचा निश्चय ढळला नाही. डिसेंबर १८७३ मध्ये, म्हणजे सखूबाईंना जाऊन तीन महिने होण्याच्या आतच, देवराष्ट्राच्या कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्याच रमाबाई.

याच घरात महादेवरावांची बहीण दुर्गा वैधव्यात दिवस काढीत होती. पत्नी गेली तर पुरुषाने वर्षभर दुःख करावे एवढीही सवड नाही. पती गेला तर स्त्रीने जन्मभर दुःखच करावे! एकाच छपराखाली नांदणाऱ्या भावा-बहिणीला समाजाने लावलेले हे दोन न्याय होते.

गोविंदरावांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते दुष्ट नव्हते. पुत्राचे घर मोडू नये आणि कुटुंब वाळीत पडू नये, एवढीच त्या पित्याची तळमळ होती. महादेवरावांनाही भ्याड म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या चालीरीतींपुढे असा विद्वान, असा सत्त्वशील पुरुष हतबल होतो, त्या चालीरीतींचे परखड परीक्षण झालेच पाहिजे. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांवर तर ही जबाबदारी अधिक आहे. घर आपले असेल, तर त्याची गळकी कौलेही आपल्यालाच बदलावी लागतात. मुलींच्या विवाहासाठी १४ वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला. ती मर्यादा १८ वर्षांवर जायला १९७८ साल उजाडावे लागले. ती कौले बदलायला आपण किती विलंब लावला, हे या सालांवरून दिसते.

महादेवरावांनी सखूबाईंचा शोक लपविला नाही. त्या दिवसांत तुकोबांचे अभंग हाच त्यांचा आधार होता. हे आपल्याला कळते ते प्रामुख्याने रमाबाईंमुळे. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्यांनी पतीच्या या दुःखाचा उल्लेख निर्मळ मनाने केला. आपल्या आधीच्या स्त्रीचे स्थान मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुण्यात सेवासदनाच्या रूपाने असंख्य भगिनींना आधार देणाऱ्या रमाबाईंच्या मनाचा मोठेपणा येथेही प्रत्ययास येतो.

रमाबाई शिकल्या, लिहित्या झाल्या. म्हणून त्या उरल्या. सखूबाईंना ती संधी मिळण्याइतके आयुष्यच लाभले नाही. लिहून न ठेवलेले आयुष्य दोन पिढ्यांत पुसले जाते आणि आपल्याकडे ते बहुधा स्त्रीचेच असते. कित्येक घरांच्या वंशावळीत पुरुषांच्या दहा-बारा पिढ्या सलग सापडतात. पण पणजीचे माहेर कोणते, ती कोणत्या वयात गेली, हे विचारले की सारे निरुत्तर होतात. मातृशक्तीचा गौरव व्यासपीठावरून करायचा आणि आपल्याच घरातील मातेचे नाव विसरायचे, हे आपल्याला शोभत नाही.

त्या हळदीकुंकवाच्या दिवशी मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही एक संकल्प केला. प्रत्येकीने आपल्या सासरच्या आणि माहेरच्या, आठवतील तेवढ्या स्त्रियांची नावे, गावे आणि एखादी आठवण वहीत लिहून ठेवायची. वाचकांनीही हे करून पाहावे. घरात कोणी ऐंशीच्या पुढची आजी असेल, तर हे काम आजच करावे. वाईच्या दांडेकरांची ती लेक आता आपल्याशी बोलणार नाही. पण आपल्या घरातील सखूबाईचे नाव लिहायला अजून वेळ गेलेली नाही.