अनुभवाच्या नाण्यात पगार

बारावीनंतर तीन वर्षे जीएनएम ही नर्सिंगची पदविका, परीक्षा, निकाल, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. एवढे सगळे पदरात पडल्यावर गंगाखेडची एखादी मुलगी फायलीत झेरॉक्स लावून खासगी दवाखान्याची पायरी चढते आणि पहिलाच प्रश्न येतो, "अनुभव किती?" परवा नोंदणी झालेल्या मुलीकडे अनुभव कुठून असणार, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याला उत्तर नकोच असते. पगाराचा आकडा खाली आणायला हा प्रश्न बरा पडतो. "सध्या शिकून घे, सहा महिन्यांनी बघू," म्हणत बोलणी पुढे सरकतात.

समजा, आठ हजारांवर ठरले. महिन्याचे २६ दिवस, १२ तासांची ड्युटी. भागाकार केला की तासाला साडेपंचवीस रुपये पडतात. एवढ्यात तिने रात्रभर सलाईन बदलायच्या, बाळंतिणीचा बीपी बघायचा, ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट भरायचा, नातेवाइकांचा आरडाओरडा झेलायचा, आणि सकाळची सिस्टर आली नाही तर तशीच पुढे डबल ड्युटी ओढायची. त्या जादा पाळीचे पैसे मागितले तर उत्तर तयार: अनुभव मिळतोय ना!

म्हणजे पगाराचा उरलेला भाग अनुभवाच्या नाण्यात दिला जातो. हे नाणे बाहेर चालते का, ते बघू. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी 'नॉर्सेट' ही परीक्षा होते. तिथे जीएनएम झालेल्याला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला असावा लागतो. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना ही अटच नाही. तेव्हा पंधरा-वीस खाटांच्या दवाखान्यात दोन वर्षे राबून मिळालेला दाखला नागपूरच्या एम्सच्या दारात कागदाचा तुकडा ठरतो. आठवडी बाजारात खोटी नोट खपवणाऱ्याला लोक सोडत नाहीत. इथे ती नोट घेणारीनेच उपकार मानावेत, अशी अपेक्षा असते.

मुलगी एवढ्या स्वस्तात तयार का होते? कारण तिच्या शेजारी तसाच अ‍ॅप्रन घातलेली, बारावीनंतर दवाखान्यातच सुई टोचायला शिकलेली दुसरी मुलगी उभी असते. पेशंटच्या लेखी दोघीही 'सिस्टर'. त्या दुसरीला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्याही घरची चूल पेटायची असते. दोष तिला वॉर्डात एकटी सोडणाऱ्याचा आहे. खासगी रुग्णालयांची नोंदणी ज्या १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते, त्यात स्पष्ट लिहिले आहे की शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. याच कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, तेव्हा दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आले. ज्या भिंतीवर ही सनद मावते, तिथे पात्र परिचारिकांच्या नोंदणी क्रमांकांची यादी का मावू नये?

आणि किती पगार द्यावा, हेही कुणी नव्याने शोधायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी सांगितल्यावरून केंद्राने समिती नेमली. तिने म्हटले: २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांच्या आतल्या लहान दवाखान्यातही २० हजारांच्या खाली नाही. शिफारशी राज्यांवर सोडल्या गेल्या. केरळच्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या, आणि तिथल्या सरकारने २०१८ मध्ये २० हजारांची किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे आजही आकडा ठरतो तो डॉक्टरांच्या केबिनमध्ये, दार लावून.

"मग सरकारी नोकरी बघावी," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सरकारी अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, त्यामुळे नजर तिकडे जाणारच. पण वाट कशी आहे? सप्टेंबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, तेव्हा कित्येक उमेदवार परगावच्या केंद्रांकडे निघालेही होते. ऑक्टोबरात ती झाली, पेपर फुटला, अटका झाल्या आणि शेवटी भरतीच रद्द. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या परिचारिकांनी काम बंद केले, ते खासगी एजन्सीमार्फत भरती करण्याच्या घाटाविरुद्ध. नोकरी कंत्राटी असली तरी जबाबदारी मात्र पुरी असते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षाला आग लागून किमान ११ रुग्ण गेले, तेव्हा अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. इथे 'सेवा' शब्द उच्चारला की पैशाची गोष्ट काढणारा हलका ठरतो. पण जनाबाईंच्या आख्यायिकेत देव स्वतः जात्याला हात लावतो. सेवाभावावर भाषण देणारे किती मालक रात्रपाळीला वॉर्डात दिसतात, ते त्यांनीच सांगावे.

या सगळ्याचा परिणाम रात्री गंगाखेड स्टेशनवर दिसतो. नांदेडहून येणारी पनवेल गाडी इथे थांबते. हातात सुटकेस, पाठीवर सॅक, डब्यात घरचे धपाटे, अशा नव्या सिस्टर आणि ब्रदर पुण्याकडे निघतात, कारण तिथे मोठे हॉस्पिटल आहे आणि दाखला चालतो. २०२३ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी, परभणीत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तरी तालुक्यातली शिकलेली परिचारिका तालुक्याबाहेर जाते, आणि इथल्या बाळंतिणीच्या उशाशी अर्धवट शिकलेला हात उरतो.

म्हणून या पत्रकाच्या मागण्या साध्या आहेत. नेमणूक तोंडी नको, पत्राने हवी. पगार बँकेत जमा व्हावा. १२ तासांची पाळी लावली तर जादा तासांचे पैसे वेगळे मिळावेत. मूळ प्रमाणपत्रे कुणीही कपाटात अडकवून ठेवू नयेत, झेरॉक्स पुरते. नव्या मुलीला पहिल्या महिन्यात एकटीने रात्रपाळी नको, सोबत जुनी सिस्टर हवी. अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या, विभाग आणि तारखा लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे नाण्याची किंमत घेणारीला आधीच कळेल. दवाखान्याच्या नोंदणीचे नूतनीकरण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वॉर्डात उभे राहून एकेकीचा नोंदणी क्रमांक विचारावा.

१२ मे, परिचारिका दिन. त्या दिवशी गावोगावच्या दवाखान्यांत केक कापला जातो, गुलाब वाटले जातात, फोटो निघतात. यंदा गंगाखेडात केकच्या आधी ती नोंदणी क्रमांकांची यादी भिंतीवर लागावी, आणि फोटो तिचा निघावा.