चौदा वेळा चॅम्पियन, आणि मग कुलूप

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये लिव्हरपूलची मॅच असली की उभं राहायलासुद्धा जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सबमिशन असो नाहीतर व्हायवा, मंडळी लाल टी-शर्ट चढवून हजर! अशाच एका मॅचच्या हाफ टाइमला मी एका कट्टर फॅनला विचारलं, "काय रे, एलिशा स्कॉट कोण माहितीये का?"

तो म्हणाला, "का? नवीन घेतलाय का?"

तर मित्रहो, एलिशा स्कॉट हा लिव्हरपूलचा गोलकीपर. १९१२ ते १९३४, तब्बल बावीस वर्षं तो त्या क्लबकडे होता. १९२२ आणि १९२३ अशा लागोपाठ दोन लीग जिंकणाऱ्या टीमच्या गोलमध्ये तोच उभा होता. पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल. १९३४ मध्ये तो आपल्या गावी, बेलफास्टला परत गेला आणि 'बेलफास्ट सेल्टिक' या क्लबचा खेळाडू-मॅनेजर झाला. हा क्लब आज नाही. १९४९ साली, ऐन भरात असताना, त्याच्या संचालकांनी तो स्पर्धेतून काढून घेतला. तेव्हा तो लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर होता! हे असं का झालं ते वाचता वाचता माझं एक मत बनलंय, आणि ते सगळ्यांना पटेलच असं नाही. म्हणून तर मॅगझिनला देतोय.

आधी थोडा भूगोल. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनकडे राहिला. बेलफास्ट ही त्याची राजधानी. तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य, ते ब्रिटनच्या बाजूचे. कॅथलिक अल्पसंख्य, त्यांची ओढ अखंड आयर्लंडकडे. गल्ल्या वेगळ्या, शाळा वेगळ्या. पश्चिम बेलफास्टच्या फॉल्स रोड भागातल्या कॅथलिक वस्तीत १८९१ मध्ये हा क्लब निघाला. नाव घेतलं ग्लासगोच्या सेल्टिकवरून. डोनेगॉल रोडवरचं त्यांचं मैदान म्हणजे सेल्टिक पार्क, पण लोक त्याला 'पॅराडाईज' म्हणायचे. आणि तिथून मैलाच्या आत, मध्ये एक दलदलीचा पट्टा सोडला की विंडसर पार्क. ते लिनफिल्डचं मैदान. लिनफिल्ड म्हणजे प्रोटेस्टंटांचा लाडका क्लब.

आता कुणीतरी म्हणणार, "म्हणजे सेल्टिक हा एका धर्माचा क्लब होता. मग भांडणं होणारच की!" थांबा. प्रेक्षक बहुतेक कॅथलिक होते हे खरं. पण टीम? एलिशा स्कॉट स्वतः प्रोटेस्टंट. सगळ्यात जास्त गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड जिमी जोन्स, तोही प्रोटेस्टंट. ज्याला खेळता येतं त्याला घ्या, एवढाच तिथला कटऑफ. ज्या शहरात माणसाचं नाव ऐकलं की लोक त्याची गल्ली ओळखायचे, त्या शहरात एका कॅथलिक वस्तीने पंधरा वर्षं आपल्या लाडक्या टीमच्या किल्ल्या एका प्रोटेस्टंट माणसाच्या हातात दिल्या होत्या. मला ही गोष्ट त्यांच्या कपांपेक्षा मोठी वाटते.

कपही काही कमी नव्हते म्हणा. आयरिश लीग चौदा वेळा, आयरिश कप आठ वेळा. १९३६ ते १९४० लीग सलग पाचदा. १९४७-४८ च्या सीझनमध्ये तर पठ्ठ्यांनी लागोपाठ ३१ मॅचेस जिंकल्या. इकडे आपली टीम लागोपाठ दोन जिंकली तर जीएस मिरवणूक काढतो!

मेकॅनिकलवाल्यांना फटीग फेल्युअर शिकवतात. शाफ्ट एका दिवशी मोडतो, पण त्यातली चीर बरीच आधी पडलेली असते. सेल्टिकची पहिली चीर १९१२ ची. त्या सप्टेंबरात सेल्टिक पार्कवर लिनफिल्डविरुद्धच्या मॅचमध्ये दंगल झाली, बंदुका निघाल्या, कितीतरी जण जखमी झाले. दुसरी १९२० ची. ग्लेंटोरानविरुद्ध कपची सेमीफायनल, दिवस सेंट पॅट्रिकचा, आणि प्रेक्षकांतून गोळ्या झाडल्या गेल्या. मॅच अर्धवट राहिली. बाहेर शहरच पेटलं होतं. त्या वर्षी क्लबने लीग सोडली आणि थेट १९२४ मध्ये परत आला. आल्यावर काय केलं? १९२६ ते १९२९ सलग चार वर्षं चॅम्पियन! म्हणजे एकदा घर सोडून जाऊन, वारं शांत झाल्यावर परत येण्याचा अनुभव या क्लबच्या गाठीशी होता. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता २७ डिसेंबर १९४८. विंडसर पार्क. लिनफिल्ड विरुद्ध सेल्टिक.

पहिल्या हाफमध्ये जिमी जोन्स आणि लिनफिल्डचा बॉब ब्रायसन यांची टक्कर झाली. ब्रायसनला उचलून न्यावं लागलं. खेळात होतात असे अपघात. पण हाफ टाइमला कुणीतरी शहाण्याने लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की ब्रायसनचा पाय मोडलाय. भरलेलं मैदान, आधीच तापलेली पब्लिक, आणि त्यात ही घोषणा! मला वाटतं, त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक हीच. दगड मारणाऱ्याला निदान राग तरी आलेला असतो, माइकवाल्याला काय झालं होतं?

दुसऱ्या हाफमध्ये दोन्ही टीमचा एकेक खेळाडू बाहेर काढला गेला. तेव्हा सबस्टिट्यूट नावाचा प्रकार नव्हता, त्यामुळे दुखापती धरून लिनफिल्डकडे आठच जण उरले. शेवटच्या दहा मिनिटांत सेल्टिकला पेनल्टी मिळाली आणि हॅरी वॉकरने गोल केला. मग अगदी शेवटी लिनफिल्डच्या बिली सिम्प्सनने बरोबरी साधली. एक-एक. शिट्टी वाजली आणि लिनफिल्डचे प्रेक्षक मैदानात घुसले.

सेल्टिकचे खेळाडू ड्रेसिंग रूमकडे पळत सुटले. गोलकीपर केविन मॅकअलिंडन आणि डिफेंडर रॉबिन लॉलर यांना मार बसला. जोन्सला जमावाने गाठलं, कठड्यापलीकडे ओढलं आणि तो खाली पडलेला असताना लाथा घालून त्याचा पाय मोडला. वय वर्षं वीस. बॅलिमेना क्लबचा गोलकीपर असलेला त्याचा एक मित्र त्या दिवशी मॅच बघायला आला होता, तो मध्ये पडला म्हणून वाचला. आणि पोलीस? पोलिसांनी आमच्या खेळाडूंचं रक्षण केलं नाही, असं सेल्टिकच्या संचालकांनी जाहीरपणे म्हटलं.

पुन्हा एकदा लक्षात घ्या, जमाव प्रोटेस्टंट होता आणि ज्याचा पाय मोडला तो जोन्सही प्रोटेस्टंटच होता. त्याचा गुन्हा एवढाच की शर्ट 'त्यांचा' होता.

याची शिक्षा काय झाली? विंडसर पार्क महिनाभर बंद. बस्स. (आमच्याकडे मेसमध्ये ताटं फेकली तर याहून जास्त होते.) त्या सीझनची लीग लिनफिल्डनेच जिंकली. २१ एप्रिल १९४९ ला सेल्टिक क्लिफ्टनविलविरुद्ध शेवटची लीग मॅच खेळला, ४-३ ने जिंकला, आणि क्लबने लीगचा राजीनामा दिला.

मे महिन्यात टीम ठरलेल्या अमेरिका दौऱ्यावर गेली. २९ मेला न्यूयॉर्कच्या ट्रायबरो स्टेडियमवर त्यांची गाठ पडली चक्क स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाशी. महिना-दीड महिन्यापूर्वीच वेम्बलीवर इंग्लंडला ३-१ हरवून ब्रिटनचा चॅम्पियन झालेला संघ! सेल्टिकने तो २-० ने लोळवला. दोन्ही गोल जॉनी कॅम्पबेलचे. स्वतःच्या गावात ज्यांना लीग उरली नव्हती, त्यांनी परक्या गावात ब्रिटनच्या चॅम्पियनला हरवलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि रूममेटला उठवून सांगितलं. त्याने दिलेली शिवी इथे छापता येणार नाही.

आता माझं मत.

'पळपुटे' असा शिक्का संचालकांवर मारणं सोपं आहे, पण तो चुकीचा आहे. पोरांचा पाय मोडला जातो आणि यंत्रणा महिनाभर गेट बंद ठेवून मोकळी होते, तेव्हा पुढच्या डिसेंबरात त्याच पोरांना त्याच मैदानात पाठवायचं कोणत्या तोंडाने? लीग सोडली ते बरोबरच केलं.

चुकलं ते त्यानंतर. १९२० मध्ये गेले तसे १९२४ मध्ये परतही आले होते. या वेळी परतले नाहीत. आणि का परतलो नाही, हे त्यांनी दर शनिवारी पैसे मोजून येणाऱ्या माणसांना नीट, स्पष्टपणे कधीच सांगितलं नाही. त्यामुळे आजही तर्क चालू आहेत. कुणी म्हणतं निर्णय त्या संध्याकाळीच झाला, कुणी म्हणतं त्याच्या आधीच झाला होता. मला यात एक गोष्ट खटकते. सेल्टिक पार्कवर १९२७ पासून ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालायच्या आणि त्यातून चांगला पैसा यायचा. फुटबॉल बंद झाल्यावरही शर्यती चालूच राहिल्या, अगदी १९८३ पर्यंत. म्हणजे कंपनीचं फुटबॉलवाचून अडत नव्हतं. अडलं ते फॉल्स रोडवरच्या माणसाचं, आणि त्याला मीटिंगला कुणी बोलावलं नव्हतं.

याच्या शेजारी डेरी सिटी ठेवून बघा. तोही उत्तर आयर्लंडमधला, कॅथलिक वस्तीतला क्लब. १९७१ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून त्यांना घरच्या मैदानावर खेळायला बंदी झाली. घरच्या मॅचेस तीस मैलांवर, कोलरेनला. परत आपल्या मैदानावर खेळू द्या, ही मागणी लीगच्या सभेत एका मताने फेटाळली गेली आणि १९७२ मध्ये त्यांनी लीग सोडली. पण क्लबला कुलूप नाही लावलं! तेरा वर्षं ज्युनियर फुटबॉल खेळून जीव धरून राहिले, १९८५ मध्ये सीमेपलीकडच्या आयर्लंडच्या लीगमध्ये शिरले आणि १९८९ मध्ये एकाच सीझनमध्ये तिथले तिन्ही कप उचलले. दोन्ही क्लबांवर अन्यायच झाला. पण डेरीकडे कुत्र्यांचा ट्रॅक नव्हता, माणसं होती.

तुम्ही म्हणाल, ७५ वर्षांनंतर खोलीत बसून बोलायला काय जातं? कबूल. जिमी जोन्सचा पाय माझा नव्हता. तो पाय आखूड झाला, आणि तरीही हा माणूस पुन्हा खेळला! ग्लेनाव्हॉन नावाच्या छोट्या गावातल्या क्लबकडे गेला. १९५२ मध्ये त्या क्लबने लीग जिंकली. बेलफास्टबाहेरच्या क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुढे उत्तर आयर्लंडकडून तीन आंतरराष्ट्रीय मॅचेसही खेळला. २०१४ मध्ये गेला.

पॅराडाईज १९८५ मध्ये पाडलं. तिथे आता शॉपिंग सेंटर आहे आणि त्यातल्या एका गाळ्यात २०१० पासून चाहत्यांनी उभं केलेलं छोटंसं म्युझियम.

हे सगळं मी आमच्या लिव्हरपूलवाल्याला सांगितलं. नेहमी मध्ये मध्ये बोलणारा, पण या वेळी गप्प बसून ऐकलं. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे. पण पुढच्या शनिवारी त्यांचे फॅन कुठे गेले?"

काही जण रात्रीची बोट पकडून ग्लासगोच्या सेल्टिकच्या मॅचला जायला लागले. बरेच जण त्यानंतर बेलफास्टमधल्या कुठल्याच मैदानावर गेले नाहीत.