वह्यांच्या फडताळात ग्रंथ

आपल्या अनेक जुन्या व्यापारी घरांत भिंतीतले एक फडताळ असते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी व्यवस्था होती त्या काळी त्यात लाल बांधणीच्या रोजमेळी आणि खातेवह्या नांदत. पुढे हिशेब संगणकावर गेले, मुदत सरलेल्या वह्या बाहेर पडल्या आणि फडताळ ओस पडले. आता त्यात जुन्या दिनदर्शिका, बंद पडलेला पंखा आणि लग्नपत्रिका सापडतात.

त्याच घराच्या माळ्यावर पुस्तकांचा एक गठ्ठा असतो. चातुर्मासात प्रभावना म्हणून मिळालेली पुस्तके, पारण्याच्या वेळी वाटलेले स्तोत्रसंग्रह, कुणाच्या स्मरणार्थ छापलेली प्रवचने. ज्ञानाची आशातना होऊ नये म्हणून आपण ती रद्दीत घालत नाही, हे योग्यच आहे. परंतु ती उघडतही नाही. कसर लागेपर्यंत पुस्तक पोत्यात बांधून ठेवणे, हीदेखील आशातनाच नव्हे काय? गोदामात पडून राहिलेल्या मालाचे मोल दिवसेंदिवस उतरते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. ग्रंथाचेही तसेच आहे.

याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपली गेली; पण कित्येक शतके ती ताडपत्रे केवळ दर्शनाची वस्तू होऊन राहिली. पुढे तिच्या प्रती उतरवल्या गेल्या आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 साली अमरावतीहून तिचा पहिला खंड छापून निघाला. एकूण सोळा खंडांत ही टीका अभ्यासकांच्या हाती आली. भांडाराने ग्रंथ टिकवला हे खरे. परंतु तो पुन्हा बोलू लागला तो वाचकांच्या हाती आल्यावरच.

तेव्हा ओस पडलेल्या त्या फडताळातच घरचे ग्रंथालय मांडावे. प्रथम भिंत पारखावी. पावसाळ्यात तिला ओल येत असेल, तर जिन्याखालची किंवा आतल्या भिंतीलगतची कोरडी जागा निवडावी. वह्यांचे फडताळ बहुधा खोल असते. त्यात पुस्तकांच्या दोन रांगा लावल्या तर मागची रांग विस्मरणात जाते. म्हणून मागे दहा सेंटिमीटर उंचीची फळी बसवावी, म्हणजे मागच्या पुस्तकांची नावेही दिसतात. नवी फळी घालायची असल्यास दोन आधारांमधील अंतर पाऊण मीटरहून अधिक नसावे. पुस्तकांच्या भाराने ती मध्ये वाकते. सर्वांत खालचा कप्पा मुलांचा असावा, कारण जे हाताला लागते तेच वाचले जाते.

कीड मारण्याचा प्रसंगच येऊ नये, ही आपल्या परंपरेची दृष्टी. जुन्या भांडारांत पोथ्यांजवळ वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवीत. त्या आजही उपयोगी पडतात. त्याहून मोठे रक्षण म्हणजे कोरडेपणा, खेळती हवा आणि वरचेवर लागणारा हात. श्रुतपंचमी ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर येते. ज्ञानपंचमी कार्तिकात, पाऊस सरल्यावर. या दोन दिवशी घरातील प्रत्येक पुस्तक काढून, पुसून, पाने चाळून पुन्हा लावावे. आम्नाय कोणताही असो, ग्रंथांना दोन्ही पंचम्या हितकर आहेत.

फडताळात केवळ धर्मग्रंथच असावेत, असा आग्रह नसावा. शेजारी मराठी कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि मुलांची गोष्टींची पुस्तकेही असू द्यावीत. एकाच पुस्तकाच्या चार प्रती निघाल्या, तर एक ठेवून उरलेल्या स्थानकाला, मंदिराला किंवा गरजू वाचकाला द्याव्यात.

आणि एक वही मात्र तिथे अवश्य हवी. पुस्तक नेले की नेणाऱ्याच्या नावे टाकावे, परत आले की जमा करावे. नातवाच्या हाती ही वही सोपवली, तर नावे आणि जमा या शब्दांचा अर्थ त्याला कोणत्याही शिकवणीशिवाय कळेल. आपली बहुतेक नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी बोलता येते, पण वाचताना ती अडखळतात. आजीने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे आणि नातवाने बोट ठेवून अक्षरे पाहावीत. हे आज झाले नाही, तर आजीच्या मागे तिची पुस्तके वाचू शकणारे घरात कुणी उरणार नाही. मग गठ्ठा कितीही श्रद्धेने जपला, तरी तो मुकाच राहील.

कार्तिक शुद्ध पंचमीला आपण ज्ञानपंचमी म्हणतो आणि बाजारपेठ लाभपंचमी म्हणते. त्या दिवशी पेढीवर नव्या वहीचा मुहूर्त होतो. यंदा पेढीची वही उघडल्यावर घरच्या फडताळातील वहीचेही पहिले पान उघडावे आणि संध्याकाळपर्यंत निदान एक पुस्तक कुणाच्या तरी नावे पडलेले असावे.