इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च

अकरावीच्या रसायनशास्त्रात रेडॉक्स अभिक्रियांचे प्रकरण आले, की बहुतेक वर्गांतून एकच शिरस्ता आढळतो: ऑक्सिडीकरण अंक काढण्याचे नियम फळ्यावर उतरवावेत, समीकरण संतुलित करण्याच्या पायऱ्या घोकून घ्याव्यात, आणि प्रवेशपरीक्षेच्या चार पर्यायांतून अचूक पर्याय त्वरेने हुडकण्याची तालीम सुरू करावी. या तालमीत तरबेज झालेला विद्यार्थी गुण मिळवतो, याबद्दल वाद नाही. परंतु पोटॅशियम परमँगनेट आणि लोह यांच्या गणितात पाचाचा आकडा कोठून आला, असे त्याला विचारले, तर ‘सूत्रातच आहे’ यापलीकडे त्याची मजल क्वचितच जाते.

वस्तुतः त्या पाचातच सारे मर्म आहे. परमँगनेटातील मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक सात. आम्लयुक्त द्रावणात तो दोनावर उतरतो, म्हणजे प्रत्येक परमँगनेट आयन पाच इलेक्ट्रॉन पदरात घेतो, तर फेरस लोह फेरिक होताना एकेकच देते. देणाऱ्याच्या खात्यावर जितके खर्ची पडले तितकेच घेणाऱ्याच्या खात्यावर जमा झाले पाहिजेत, हा कोणत्याही पेढीवरील कारकुनास मान्य असलेला न्याय एकदा मनात ठसला, की पाठ केलेल्या सूत्राची मातबरी उरत नाही. ०.०२ मोलर परमँगनेट २० मिलिलिटर लागले, तर ते झाले ०.४ मिलिमोल, त्याच्या पाचपट, म्हणजे २ मिलिमोल लोह, आणि त्याला ५६ ने गुणले की ११२ मिलिग्रॅम. एवढ्या हिशेबासाठी क्लृप्त्यांची वही कशाला हवी?

अर्थात ऑक्सिडीकरण अंक हा कागदोपत्री संकेत आहे, मँगनीजवर खरोखरच सात धनप्रभार बसलेले नसतात, हेही विद्यार्थ्याला आरंभीच सांगितले पाहिजे. एरवी मॅग्नेटाइटातील लोहाचा सरासरी अंक आठ तृतीयांश निघाला, की तो बिचारा गोंधळून आपलेच उत्तर खोडतो.

बारावीच्या प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून त्यात ब्यूरेटमधून परमँगनेट सोडतात, तेव्हा पहिल्या थेंबांचा जांभळा रंग काही क्षण रेंगाळतो आणि पुढचे थेंब मात्र पडताक्षणीच विरू लागतात. कारण अभिक्रियेत उत्पन्न झालेले मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. येथे हायड्रोक्लोरिक आम्ल वर्ज्य का, याचेही उत्तर त्याच जमाखर्चात मिळते: क्लोराइडही परमँगनेटला इलेक्ट्रॉन देऊ लागते, आणि दप्तरी नोंद नसलेला हा तिसरा देणेकरी सारा हिशेब बिघडवतो. हे समक्ष न पाहता शेजाऱ्याच्या वहीतील वाचने उतरवून जर्नल पुरे करणाऱ्याला रसायनशास्त्र शिकविले असे म्हणणे धारिष्ट्याचे आहे.

परमँगनेटाने लोह मोजण्याची ही पद्धत फ्रेंच रसायनज्ञ मार्गेरित याने १८४६ साली मांडली, आणि लोहखनिजाची प्रत ठरविताना तिचेच भावंड असलेले डायक्रोमेटचे अनुमापन आजही वापरतात. तेव्हा हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते आहे, ही सबब चालणार नाही. परीक्षकांना एवढीच विनंती, की अंतिम उत्तराइतकेच गुण दोन्ही अर्ध-अभिक्रिया नीट लिहिणाऱ्यालाही द्यावेत; आणि शिक्षकांनी त्या वहीत उतरल्याखेरीज कोणाला ब्यूरेट भरू देऊ नये.